डोरवनला कुणी मारलं?

सदा तांडेलानं रिमोट गादीवर आपटला आणि तेवढ्यानं राग शमेना म्हणून उचलून पुन्हा एकदा आपटला.

"मारला! मारला मेल्यांनी त्याला!"

टीव्हीवर हिरवट पाण्यात एक रिकामी होडी गोल गोल फिरत होती आणि मागं रडवं संगीत चाललं होतं. केसर अंगणात सुकट निवडत बसली होती. ती सूप हातात तसंच धरून दारात आली. रविवारची दुपार, जेवणं नुकतीच उरकलेली, आणि नवरा भिंतीकडं बोट दाखवून कुणाच्या तरी मरणाची बातमी देतोय म्हटल्यावर तिच्या सुपातली मूठभर सुकट सांडली.

"कोन गेला?"

"डोरवन!"

"अगो बाई." केसरनं श्वास सोडला. "मना वाटलं, खराच कोन तरी गेला."

"खराच म्हंजे? हा काय खोटा व्हता?"

केसरनं टीव्हीकडं एक नजर टाकली. ती सूप घेऊन परत अंगणात गेली. अंगणात निदान सुकट तरी निमूटपणे पडून होती.

डोरवन हा 'धुक्याखालचं राज्य' या कादंबरीतला नावाडी. कादंबरी इंग्रजीत, पाच भागांची, एकेक भाग उशीएवढा जाड. त्यात राजे होते, चेटकिणी होत्या, आग ओकणारी एक पंखांची मगर होती, आणि या सगळ्यांना कधी ना कधी धुक्याची खाडी ओलांडावी लागायची. ती ओलांडून द्यायला अख्ख्या राज्यात एकच माणूस होता. राजा येवो की चोर, डोरवन नाव विचारायचा नाही. होडीत घ्यायचा आणि पल्याड सोडायचा.

सदानं तीस वर्षं दिघी ते आगरदांडा खाडीतून लाँच चालवली होती, आणि तांडेल, म्हणजे नावेचा प्रमुख, म्हणूनच सगळे त्याला ओळखायचे. राजे त्याच्या लाँचमध्ये फारसे बसले नव्हते, पण आमदार बसले होते, नवऱ्या मुली बसल्या होत्या, एकदा बेड्या घातलेला आरोपी आणि त्याच्याहून जास्त घाबरलेला हवालदार बसला होता. सदानंही कुणाला कधी काही विचारलं नव्हतं. त्यामुळे गेल्या वैशाखात पोटात दुखायला लागून त्याला लाँच सोडावी लागली आणि सून रुचिका संध्याकाळी ओट्यावर बसून एकटीच पुस्तकात बघून हसताना दिसली, तेव्हा "काय हसतेस गो?" एवढं विचारायला आणि पुढं नऊ महिने अडकायला त्याला वेळ लागला नाही.

रुचिका किहीमची. अलिबागच्या कॉलेजातून इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली. आता ग्रामपंचायतीत संगणकावर काम करायची. दिवेलागणीला ती पुस्तक मांडीवर घ्यायची, ओळ डोळ्यांनी इंग्रजीतून उचलायची आणि तोंडातून मराठीत खाली ठेवायची. रोज एक प्रकरण. सदा भिंतीला टेकून ऐकायचा. मागच्या पडवीच्या भिंतीवर त्यानं कोळशानं सगळ्या खाड्यांचा नकाशा काढला होता, त्यात भरतीच्या खुणा केल्या होत्या. राणीच्या सैन्यानं ओहोटीला खाडी ओलांडली तेव्हा तो दोन दिवस लेखकावर रुसून बसला होता. "गाळात रुतली असती सगली," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटायचं, म्हातारा मुरुडच्या किल्ल्याबद्दल बोलतोय.

आणि आता सिनेमावाल्यांनी हा घोळ घातला होता.

पहिला सिनेमा सगळ्यांनी मिळून पाहिला होता. दुसरा याच आठवड्यात हिंदीत आला. रुचिकानं आधीच नाक मुरडलं होतं. "मामा, दुसरा नका बघू. बेकार काढलाय. आपलं पुस्तकच बरं." त्यांच्यात सुना सासऱ्याला मामा म्हणतात. सदानं मान डोलावली होती. पण ती बहिणीच्या साखरपुड्याला किहीमला गेली, मुलगा धनेश जहाजं ओढणाऱ्या उरणच्या टगबोटीवरून दोन दिवसांच्या सुट्टीवर आला आणि बापाला बरं वाटावं म्हणून त्याचाच मोबाईल टीव्हीला जोडून देऊन पुन्हा ड्यूटीवर गेला. बापाला किती बरं वाटलं ते गादीवरच्या रिमोटवरून दिसतच होतं.

"पोरगी बोलली व्हती," सदा अंगणाकडं बघून ओरडला. "बेकार हाय बोलली व्हती. मी आयकला न्हाय."

"मग आता ओरडता कशाला? पोटात दुखंल."

"दुखूं दे! अगो, पुढचे तीन भाग डोरवनशिवाय कसं करनार ही? मिठागरावर रानीला कोन भेटनार? पंखांच्या मगरीला पल्याड कोन नेनार, यांचा बाप?"

"त्यांचा त्यांना बघूं दे."

"आन ती होडी! ओहोटी लागलेली हाय, दाखवलंय चांगलं, काठावरचा गाळ उघडा पडलाय, आन होडी गोल फिरते. ओहोटीला सोडलेली होडी गोल फिरल का भायेर जाईल? एवढा पैसा ओतलाय, एक कोळी न्हाय मिळाला इचारायला?"

केसरनं सुकटीतला एक खडा उचलून कुंपणापलीकडे भिरकावला. तिला डोरवन फारसा माहीत नव्हता. तिनं पुस्तक कधीच नीट ऐकलं नव्हतं. रुचिका वाचायला बसली की ती काही ना काही काम काढून आत जायची.

त्या रात्री सदा जेवला नाही असं नाही, पण भाकरी त्यानं अशी मोडली की जणू डोरवनला मारणारी तीच होती.

सकाळी त्यानं इस्त्रीचा सदरा घातला. सिनेमाच्या कंपनीला पत्र लिहायचं ठरलं होतं, आणि तेही इंग्रजीत. रुचिका संध्याकाळी येणार, तोवर दम धरवणार कुणाला? खाडीपल्याड आगरदांड्याला जेट्टीजवळ हेतलचं स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान होतं. हेतल रुचिकाची कॉलेजातली मैत्रीण, अलिबागच्या गुजराती किराणेवाल्यांची मुलगी. पाचही भाग मुळात तिचेच. तिनंच रुचिकाला वाचायला दिले होते. डोरवनच्या बाजूनं उभं राहायला तिच्याहून लायक माणूस खाडीच्या दोन्ही तीरांवर नव्हता.

जंगलजेटीवर, म्हणजे माणसांबरोबर गाड्याही नेणाऱ्या बोटीवर, तो उतारू म्हणून बसला. वर केबिनमध्ये त्याच्या जुन्या सोबत्याचा, भिकूचा मुलगा सुकाणावर होता. त्यानं वरून हात केला, सदानं मान हलवली आणि सवयीनं पाण्याकडे पाहिलं. भरतीचा शेवट होता. बोट निघाली तशी दोनचार ओळखीची माणसं "काय तांडेल, तब्येत?" म्हणाली. "तब्येतीला काय धाड भरलीय," सदानं सगळ्यांना एकच उत्तर दिलं. धाड कुणाला भरलीय ते सांगायला त्यानं तोंड उघडलं होतं, पण तोवर जेट्टी आली.

हेतल झेरॉक्स मशीनमध्ये अडकलेला कागद ओढून काढत होती.

"अरे, सदाकाका! बसा ने. चहा मागवू?"

"च्या नको. कागद घे. पेन घे. सिनेमाच्या कंपनीला लिवायचंय, मी बोलतो, तू इंग्लिस कर."

हेतलला हसू फुटलं. तिनंही तो सिनेमा शनिवारी पाहिला होता आणि भरपूर रडली होती. तिनं खरंच एक कोरा कागद पुढं ओढला. सदा स्टुलावर ताठ बसला आणि कोर्टात बोलावं तसा बोलू लागला.

"लिव. तुमी डोरवनला मारला तो गुन्हा हाय. एक. होडी ओहोटीला गोल फिरत न्हाय. दोन. तुमाला पुढचे भाग म्हाईत न्हायत असं दिसतंय. तिसऱ्या भागात डोरवन मिठागरावर रानीला भेटतो आन तिला तांदळाची भाकर खायाला देतो. ते आता कोन देनार?"

हेतलचं पेन थांबलं.

"तांदळाची भाकरी?"

"व्हय. आन सुका बोंबील. लिव. चवथ्या भागात तो नवी होडी बांधतो. पाण्यात लोटायच्या आदी तिची पूजा करतो, नारळ फोडतो—"

"काका, काका." हेतल आता मोकळेपणी हसत होती. "तिकडे बाराही महिने बर्फ पडतो. नारळ कुठून येणार?"

सदा स्टुलावर पुढं सरकला. हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता. होडी नवी असली की नारळ फुटतोच. नारळाशिवाय होडी पाण्यात कशी जाईल?

"आनला आसंल कुठून तरी," तो जरा गुरकावूनच म्हणाला. "एवढी जादू चालते तिथं, एक नारळ न्हाय येनार?"

"पण काका, डोरवन चौथ्या भागात नाहीच ना. तो दुसऱ्यातच जातो. पुस्तकातसुद्धा. चौदावं प्रकरण. सिनेमावाल्यांनी काही चुकीचं नाही केलं."

"तू पुस्तक नीट वाचला न्हायस."

"अहो, तीनदा वाचलंय!"

"मग तिन्ही टायमाला झोपली आसशील. डोरवन धक्क्याला लागतो. बाण लागतो, पन खांद्याला. म्हातारी जखम बांधते. माझ्या सुनेनं वाचून दाखवलाय मना, शबुद न् शबुद. ती काय खोटं वाचंल?"

"पण..." हेतलनं पेन खाली ठेवलं. तिची भुवई वर गेली होती, वाद घालायला ती अगदी तयार होती. "रुचिकानं हे वाचलं कधी?"

"भाद्रपदात. मुंबईला तपासनी करून आलो त्याच दिवशी. मना चांगलं याद हाय."

हेतलची भुवई खाली आली. तिनं मशीनकडं पाहिलं, मग कागदाकडं, मग बाहेर रस्त्याकडं. एक रिक्षा गेली. तिनं पेन पुन्हा उचललं.

"हां," ती म्हणाली. "असेल काका. बरोबर आहे तुमचं. मी विसरले. नारळ असतो. आता आठवलं मला."

"असतो ना?"

"असतो."

"आन भाकर?"

"भाकरीपण असते." ती कागदावर काहीतरी भराभर लिहायला लागली. "मी लिहिते चांगलं पत्र. आजच पाठवते. चहा मागवते हां."

तीस वर्षं सदानं उतारूंची तोंडं वाचली होती. कोण दवाखान्यात निघालंय, कोण माहेराला भांडून चाललंय, कुणाच्या पिशवीत बाटली आहे, हे त्याला उतारूंनी लाँचमध्ये पाय ठेवताच कळायचं. हेतल मघाशी खरं बोलत होती. आता ती खोटं बोलत होती. मधे तिनं फक्त एक गोष्ट विचारली होती: कधी.

त्यानं चहा घेतला नाही. पत्र कुठं पाठवणार तेही विचारलं नाही.

परतीच्या बोटीवर तो कठड्याशी उभा राहिला. भाद्रपदातला तो दिवस त्याला जसाच्या तसा आठवत होता. मुंबईहून आल्यावर धनेश सामान ठेवून लगेच बाहेर गेला होता. सदानं रुचिकाला सांगितलं, त्या डॉक्टरनं दिलेला कागद काय म्हणतोय ते वाच. ती ओट्यावर बसली, फाईल उघडली, वाचायला लागली. मधेच थांबली, तांब्यातलं पाणी प्यायली. मग म्हणाली, "सूज आहे मामा. गोळ्यांनी उतरेल." संध्याकाळी त्यानंच हट्टानं पुस्तक आणायला लावलं. डोरवन वैऱ्याच्या जखमी शिपायाला घेऊन निघाला होता, तीरावरून बाण येत होते. तिथंही ती थांबली होती. तिथंही पाणी प्यायली. मग म्हणाली, "डोरवन धक्क्याला लागला."

सदाचा राग आता सिनेमावाल्यांवरून उठला आणि बसायला जागा शोधू लागला. तो आधी हेतलवर बसला, मग डॉक्टरवर, मग धनेशवर. शेवटी रुचिकावर बसला आणि तिथं चांगला पेटला. पाच महिने ही पोरगी रोज संध्याकाळी समोर बसून बिनदिक्कत थापा मारत होती! मिठागर खोटं, भाकर खोटी, सूज खोटी, नवी होडी खोटी. त्या होडीचं नाव काय ठेवायचं यावर दोघांनी दोन दिवस घातले होते, आणि शेवटी डोरवननं नेमकं सदानं सुचवलेलंच नाव ठेवलं तेव्हा सदा कसा फुगला होता! मूर्ख बनवला होता त्याला. घरातल्या घरात, त्याच्याच ओट्यावर.

आणि होडीत पाणी शिरलं तर ते पहिल्यांदा कुणाला सांगायचं? तांडेलाला. पोराटोराला विचारा, तेही सांगतील.

उतारूंना मात्र सांगायचं नसतं. हे त्याला आठवलं आणि तो जरा चपापला. एका श्रावणात खाडीच्या मध्यावर इंजिन बंद पडलं होतं, खाली घोटाभर पाणी झालं होतं, लाँचमध्ये चाळीस माणसं होती. बायका विचारायला लागल्या तेव्हा सदा हसून म्हणाला होता, "काय न्हाय, जरा लाट हाय." पोचल्यावर तो तासभर धक्क्यावरच बसून होता. ते खोटं बोलल्याचं त्याला कधी वाईट वाटलं नव्हतं.

"पन मी काय उतारू हाय?" तो मोठ्यानं म्हणाला. शेजारी मोटारसायकल धरून उभा असलेला माणूस दचकला आणि गाडी जरा लांब सरकवून उभा राहिला.

घरी आल्यावर सदानं आधी टीव्हीची पिन उपटून ठेवली. त्यानं पेज घेतली, पडवीत जाऊन कोळशाच्या नकाशासमोर बराच वेळ बसला. दुपारी त्यानं एकदा ओल्या फडक्यानं चौथ्या भागातली एक खाडी पुसायला घेतली आणि अर्धी पुसून फडकं टाकून दिलं. पोटातलं दुखणं नेहमीच्या वेळेला आलं. त्यानं गोळी घेतली, हातात उलटसुलट करून पाहिली, मग गिळली.

रुचिका ऊन कलताना आली. साखरपुड्याचे लाडू तिनं केसरच्या हातात दिले, हातपाय धुतले, देवापुढं दिवा लावला. सिनेमाचं तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं. ती पाचवा भाग घेऊन ओट्यावर आली.

"मामा, आज किल्ल्याचं प्रकरण. मस्त आहे."

"दुसरा भाग आन."

"दुसरा? तो झाला ना."

"आन. चवदावं प्रकरण काढ."

रुचिका उभीच राहिली. तिनं आत केसरकडे पाहिलं, मग बंद टीव्हीकडं.

"सिनेमा बघितलात," ती म्हणाली.

"बघितला. हेतलकडंबी जाऊन आलो. ती तुझ्यापरीस बरी, तिला धड खोटं बोलता येत न्हाय. आन ते पुस्तक."

तिनं आणलं. पान काढायला तिला शोधावं लागलं नाही. त्या पानाशी पुस्तक आपसूक उघडलं.

"मामा, त्या दिवशी माझ्यानं..."

"मी इचारला काय तुला? वाच. जसं लिवलंय तसं. एक बी शबुद तुझा नको."

रुचिका वाचू लागली. आवाज नेहमीचा नव्हता. नेहमी ती राणी झाली की मान ताठ करायची, मगर झाली की घोगरी व्हायची. आज ती नुसती वाचत होती. धुकं होतं. शिपाई होडीत आडवा पडला होता. पहिला बाण फळीत घुसला. दुसरा डोरवनच्या बरगडीत. डोरवन वल्हवत राहिला. शिपायानं विचारलं, तुला लागलं का? डोरवन म्हणाला, नाही, वल्ह्याचा आवाज होता तो. इथं रुचिका थांबली, पण तांब्याला तिनं हात लावला नाही. मग होडी पल्याड लागली. शिपायाला लोकांनी उचलून नेलं. डोरवननं दोर घेतला, खुंटाला बांधला, होडीच्या मागच्या फळीवर बसला, आणि सकाळी माणसं आली तेव्हा तो तसाच बसलेला होता.

"संपलं?" सदानं विचारलं.

"हो."

"दोर बांधला व्हता?"

रुचिकानं खाली पाहिलं, ओळीवरून बोट फिरवलं. "हो. दोन वेढे देऊन."

"बघ!" सदानं मांडीवर थाप मारली. "बघ कसे नालायक! होडी बांधलेली हाय, लिवलंय सरळ. आन तिथं मोकळी सोडून गोल गोल फिरवतायत. मी सांगत व्हतो, कायतरी चुकतंय." त्याचे डोळे भरले होते, आणि त्याबद्दलही तो सिनेमावाल्यांवरच चिडला होता. सदऱ्याच्या बाहीनं त्यानं तोंड पुसलं. "बरा गेला. उतारू पोचवून गेला. यात लपवन्यासारकं काय व्हतं गो?"

रुचिका रडत होती. तिचं रडणं बिनआवाजाचं होतं, पुस्तक ओलं होऊ नये म्हणून तिनं ते बाजूला धरलं होतं.

"तुम्ही भिंतीला टेकून बसला होता," ती म्हणाली. "म्हणाला होता, डोरवनला काय व्हनार न्हाय, तो माझ्यासारका हाय. मग मी कसं वाचणार मामा? तुम्हीच सांगा, कसं वाचणार?"

सदा भिंतीपासून सरकून ताठ बसला. रस्त्यावरून कुणीतरी "काय तांडेल" म्हणत गेलं, त्याला त्यानं ओ दिली नाही.

"तू मना उतारूत बसवलास," तो म्हणाला. "मी तांडेल हाय. मना सांगायचं असतंय. बाकी कुनाला नको सांगूस, मना सांगायचं." मग आवाज खाली आणून, "आता तो माझा कागद आन."

"कुठला?"

"मुंबईचा."

"तो धनेशकडं आहे. उरणला. मागच्या महिन्यातच ते घेऊन..."

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत केसर उठली. हात पदराला पुसत ती आतल्या खोलीत गेली. तांदळाच्या पिंपाचं झाकण सरकल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात निळी फाईल होती. तिनं ती रुचिकाच्या मांडीवर ठेवली आणि आत न जाता ओट्याच्या पायरीवर बसली, नवऱ्याकडं पाठ करून.

सदा त्या पाठीकडं बघत राहिला. तिच्यावरही त्याला चिडायचं होतं, ढीगभर चिडायचं होतं. पण ती पाठ बघून त्यानं तोंड फिरवलं.

"वाच," तो रुचिकाला म्हणाला. "हे झालं की मग पाचवा भाग घे. त्यात डोरवन हाय ना अजून?"

रुचिकानं मान हलवली. मग कशी हलवली ते तिलाच कळलं नसावं, म्हणून म्हणाली, "पुस्तकात नाही. माझ्यात आहे."

"मग ऱ्हाऊं दे. त्याला काढू नको. हे मातर जसं लिवलंय तसं."

रुचिकानं नाक पुसलं, फाईल उघडली, पहिला कागद सरळ केला. केसरनं पायरीवरच पाय जवळ ओढून घेतले.

"रुग्णाचं नाव, सदानंद काळूराम पाटील," रुचिका वाचू लागली. "वय एकसष्ट."

"बासष्ट!" सदा उसळून म्हणाला. "बघा, साधं वय लिवता येत न्हाय यांना. बासष्ट कर ते, पेन घे. मग वाच पुढं."